पुरावा सोबत जोडला आहे

समिती गुरुवारी येणार.
आज सोमवार, रात्रीचे साडेनऊ,
विट्याच्या आमच्या कॉलेजात फक्त दोन खोल्यांत उजेड.
बाहेर मुल्लाचाचा कुंड्या मांडतायत,
भाड्याच्या, पंचवीस,
बुडाशी खडूनं परतीची तारीख.

माझ्याकडे पाचवा निकष:
विद्यार्थी इथून पुढे कुठे गेले?
पाच वर्षांची नावं, नावापुढे पुरावा,
नेमणूकपत्र, ओळखपत्र, निदान पगाराची चिठ्ठी,
पीडीएफ, दोन एमबीच्या आत.
मी तासिका तत्त्वावर.
शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात,
या तासांना रकाना नाही.

मेटकरी अवधूत, लेंगरे.
बी.ए. भाग तीन, भूगोल.
गैरहजर, गैरहजर, गैरहजर,
मग लाल शाईची आडवी रेघ.
रेघ माझ्याच हातची.

चौथ्यांदा लावल्यावर फोन उचलला.
मागे भट्टीचा घरघराट, कुणीतरी तमिळमध्ये ओरडतंय.
"त्रिचीला हाय मॅडम. मामाच्या गलईवर."
नेमणूकपत्र आहे का रे?
तो हसला.
हसणं कुठल्या फॉरमॅटमध्ये जोडायचं?

"मामानं तिकीट काढलं, तेच पत्र.
पण मॅडम, कावेरी बघितली बरं का.
रोज पुलावरनं जातो.
तुम्ही फळ्यावर निळ्या खडूनं काढलेली,
हितं निम्मी वाळूच हाय."

समोरच्या तक्त्यात लिहिलेलं होतं:
'विद्यार्थी दक्षिणेतील नदीप्रणाली ओळखू शकेल.'
साध्यता एकसष्ट पूर्णांक चार टक्के.
त्या एकसष्टांत तो नव्हता.
परीक्षेलाच बसला नव्हता तो.

काय काम करतोस, विचारलं,
काहीतरी विचारायचं म्हणून.
"सराफाच्या दुकानातली झाडलोट आणतो पोत्यात.
केर, काजळी, फाटकी पायपुसणीसुद्धा.
जाळायचं, धुवायचं, आटवायचं.
वालभर तरी निघतंच मॅडम. टाकायचं काय नसतं."

शितोळे सर वाईट माणूस नाहीत.
स्वतःच्या खिशातून सगळ्यांना वडापाव आणला त्यांनी,
तेलकट बोटं रुमालाला पुसत म्हणाले,
"ग्रेड घसरली तर मुलींचं वसतिगृह गेलं, एवढं ध्यानात ठेवा.
मामाकडून लेटरहेडवर लिहून घ्या.
पद टाका, टेक्निकल असिस्टंट."
मी वसतिगृहाचा विचार केला.
भाळवणीच्या त्या दोघींचा, ज्यांची शेवटची एसटी
प्रॅक्टिकल संपायच्या आधीच सुटते.
आणि मेसेज टाकला.

सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला.
लेटरहेड, शिक्का, मामांची वळणदार सही,
आणि कोपऱ्यात कागद धरलेला अंगठा,
तेजाबानं नखापर्यंत काळा पडलेला.

"एवढं कडेचं काढून टाका," बाबर क्लार्क म्हणाले,
"डॉक्युमेंट स्वच्छ पाहिजे."
मी स्क्रीनवर चौकट ओढली,
आणि अवधूतचा अंगठा कापला.
फाईल एक एमबीच्या आत बसली.

गुरुवारी फेटे, लेझीम, हुरड्याचं थालीपीठ.
अध्यक्षांनी माझी फाईल उघडली,
तीन पानं उलटली,
चष्म्यावरून बघत म्हणाले, वेल मेन्टेन्ड.
शुक्रवारी कुंड्या परत गेल्या,
एक फुटली, तिचे पैसे चाचांच्या पगारातून.

ग्रेड महिन्यानं आली. बरी आली.
पेढे आले, फ्लेक्स लागला,
त्यात माझं नाव नव्हतं, असायचं कारणही नव्हतं.
जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत,
पुन्हा तोच प्रश्न: अनुभवाचा पुरावा?

बाबर म्हणाले, पुरावा न मिळालेल्यांची यादी उडवून टाका,
उगाच कुणी बघायला नको.
एकशे अठरा नावं.
नुसते गावांचे, फोनचे रकाने,
निम्मे नंबर बंद.
माउस तिथवर नेला मी.
मग नुसतं फाईलचं नाव बदललं,
'झाडलोट'
आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला.